पॉवर सप्लायचा फॅन बदलला तर डेस्कटॉपचा आवाज कमी होईल का?

होईल, पण आवाज त्याच फॅनचा असेल तरच. कागदाची नळी करून एक टोक कानाला आणि दुसरं प्रत्येक फॅनजवळ धरा. घरघर कुठून येते ते लगेच कळतं. बऱ्याचदा दोषी ग्राफिक्स कार्ड किंवा प्रोसेसरचा फॅन निघतो. कधी नुसती धूळ साफ करूनही भागतं.

सप्लायच असेल तर आधी धोक्याचं बोलतो. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवून ठेवणारा भाग) प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास दाब उरलेला असू शकतो. इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीची सवय नसेल तर तो डबा उघडूच नका. वॉरंटीही जाते, पण ती त्यामानाने किरकोळ बाब.

सवय असेल तर मूळ फॅनचा आकार (बहुधा १२० किंवा १४० मिमी), जाडी, व्होल्टेज आणि करंट लेबलवरून जुळवा. आतला कनेक्टर अनेकदा छोटा दोन पिनचा असतो, कधी वायर थेट सोल्डर केलेली. खरी मेख पुढे आहे: सप्लाय कमी तापमानाला फॅनला ५ व्होल्टच्या आसपासच देत असेल आणि नवा फॅन तेवढ्यावर सुरूच झाला नाही, तर शांतता मिळेल पण सप्लाय भाजून निघेल. हवेची दिशाही जुनीच ठेवा.

मला विचाराल तर सप्लाय पाच-सात वर्षं जुना असेल तर फॅनच्या भानगडीत पडू नका. कमी लोडवर फॅन पूर्ण बंद ठेवणारा नवा सप्लाय घ्या.