मालवणात नवा आलास ना? आधी गाऱ्हाणं ऐक

पाद्री म्हणून आलायस, तरी पहिलं वर्षभर प्रवचन बाजूला ठेव. मासळीबाजारात, लग्नघरात नुसता बस. मानववंशशास्त्रात याला सहभागी निरीक्षण म्हणतात. मालिनोव्स्की या अभ्यासकाने १९१५ पासून न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअँड बेटांवर हेच केलं, गावातच तंबू ठोकून.

मी आलो तेव्हा नको तेवढी हुशारी केली. होडी लोटण्याआधी शेजारचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, नारळ ठेवून गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं मागणं, घालत होता, 'बा देवा म्हाराजा...', मागचे 'होय म्हाराजा' म्हणत होते. मी मध्येच 'अंधश्रद्धा' म्हणालो. दोन महिने त्याच्या पडवीत मला कोणी चहा विचारला नाही. पुढच्या वेळी गप्प राहून ऐकलं, तर त्यात आजारी सून होती, फाटलेलं जाळं होतं, मुंबईला गेलेला झील (मुलगा) होता. आपल्या चर्चमधल्या मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी मागायच्या, प्रार्थनेत दुसरं काय असतं? देव कोणता, हा फरक खराच. तो लपवू नकोस. पण आधी 'ह्या कशासाठी?' एवढंच विचार.

शब्दही इथलेच घे. गोव्यातल्या फादर स्टीफन्सचं ख्रिस्ताची कथा सांगणारं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं, ते ओवीत. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटलं. ओवी कानात मुरल्याशिवाय हे जमतं होय!

आणि वही काढणार असशील तर कशाला लिहितोस ते आधी सांग. नाहीतर सर्वेवाला समजून सगळे गप्प होतात.