हिरवा दगड म्हणजे निकेल का?

प्रश्न: आमच्या कणकवलीजवळ जानवली-वागद्याकडे क्रोमाइट सापडतं, तिथला एक हिरवट दगड माझ्याकडे आहे, हाताला साबणासारखा गुळगुळीत लागतो. कॉलेजच्या सरांनी सर्पेंटाइन म्हणून सांगितलं. अशा दगडात निकेलची खनिजं तयार होतात असं वाचलं, मग हा हिरवा रंग निकेलचाच ना? आणि ओळखायचं कसं?
– एक वाचक, कणकवली

उत्तर: रंगावर अजिबात जाऊ नका. सर्पेंटाइनचा हिरवा रंग बहुतेक वेळा लोखंडामुळे असतो. निकेलची हिरवी खनिजं असतात, नाही असं नाही, न्यू कॅलेडोनियातलं गार्निएराइट तसंच आहे, पण ते उष्ण पावसाळी हवेत असा खडक वरून कुजत गेला की बनतं. तुम्ही विचारताय ती गोष्ट त्याच्या आधीची, जमिनीच्या आतली, आणि मला तरी तीच जास्त भारी वाटते.

सर्पेंटाइन होण्याआधीच्या मूळ खडकात ऑलिव्हिन नावाचं खनिज असतं आणि त्यात साधारण 0.3 टक्के निकेल लपलेलं असतं, वेगळं दिसत नाही. भेगांमधून पाणी आत शिरलं की ऑलिव्हिनचं सर्पेंटाइन होतं, त्यातलं लोखंड पाण्याचा ऑक्सिजन ओढून घेतं आणि मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, बनतं, मागे उरतो हायड्रोजन. म्हणजे आत ऑक्सिजनचा इतका दुष्काळ पडतो की मोकळं झालेलं निकेल ऑक्साइड न होता सरळ धातू म्हणूनच बसतं, थोडं लोखंड सोबत घेऊन! हेच अवारुआइट, तीन भाग निकेल एक भाग लोखंड, वजनाने जवळजवळ पाऊण निकेल. थोडंफार गंधक असेल तर हीझलवुडाइट हे निकेल-गंधकाचं खनिज बनतं, त्याचं नाव टास्मानियातल्या हीझलवुडवरून पडलं.

अवारुआइट पहिल्यांदा ओळखलं न्यूझीलंडच्या विल्यम स्की यांनी, 1885 मध्ये, तेही खडकात नाही तर गॉर्ज नदीच्या वाळूत, सोन्याच्या कणांसोबत. निकेल-लोखंडाचा असा मिश्रधातू तोवर मुख्यतः उल्कांमधून माहीत होता, म्हणून विचार करा ते कण हातात आल्यावर काय वाटलं असेल. पुढे जॉर्ज उलरिच यांनी तो माग काढत काढत वरच्या डोंगरातल्या सर्पेंटाइनपर्यंत नेला.

आता तुमचा दगड. लोहचुंबक लावला आणि चिकटला तर लगेच हुरळून जाऊ नका, मॅग्नेटाइटही चिकटतं आणि सर्पेंटाइनमध्ये ते भरपूर असतं. फरक असा की मॅग्नेटाइटचा कण ठोकला की काळा चुरा होतो, अवारुआइटचा कण मात्र चपटा होतो, धातूच तो. पण हे कण बहुतेक वेळा इतके बारीक असतात की भिंगाखालीही नीट दिसत नाहीत, म्हणून खरी पद्धत म्हणजे पॉलिश केलेला तुकडा परावर्तित प्रकाशाच्या मायक्रोस्कोपखाली बघायचा: मॅग्नेटाइट राखाडी दिसतं आणि अवारुआइट पांढरं लख्ख चमकतं. तुमच्या सरांना विचारा, लॅबमध्ये तसा मायक्रोस्कोप असेल तर काम होईल.

आणि एक कळकळीने सांगते, हा दगड घरी घासू किंवा कुटू नका. सर्पेंटाइनच्या शिरांमध्ये क्रिसोटाइल असू शकतं, म्हणजे ॲस्बेस्टॉसच, त्याची धूळ फुप्फुसात गेली की सहज बाहेर निघत नाही. तुकडा कापायचा तर लॅबमध्येच, पाणी सोडून.