भूमिका म्हणजे मजलासुद्धा

प्रश्न नागपुरातल्याच एका वाचक भगिनींचा आहे. त्यांचा आठवीतला मुलगा शाळेच्या हस्तलिखितासाठी, ठोकळ्यांच्या जगात तग धरून राहण्याच्या संगणकीय खेळांवर मराठीत लेख लिहितो आहे. त्यात ‘कॅरेक्टर क्लास’ला, म्हणजे खेळाडूच्या पात्राचा जो प्रकार असतो (शिकारी, शिंपी वगैरे) त्याला, ‘पात्रवर्ग’ आणि ‘बिल्डिंग मेकॅनिक्स’ला ‘बांधकाम यांत्रिकी’ हे शब्द चालतील का, आणि ‘ब्लॉक’ला ठोकळा म्हणावे की वीट, असे त्यांनी विचारले आहे.

‘बांधकाम यांत्रिकी’ चालणार नाही. खेळातले ‘मेकॅनिक्स’ म्हणजे कोणत्या कृतीने काय घडेल हे ठरवणारे नियम. त्यांत चाक नाही, दट्ट्या नाही, यंत्रही नाही. ‘बांधणीचे नियम’ एवढे म्हटले की अर्थ पोहोचतो. याच चालीवर ‘सर्व्हायव्हल’साठी कोणी ‘अतिजीविता’ सुचवली, तर ‘तग धरणे’ हा प्रयोग मराठीत आधीच आहे आणि तो लहान मुलालाही कळतो, असे त्यांना नम्रपणे सांगावे.

माझा खरा राग मात्र दुसऱ्याच एका शब्दावर आहे, आणि तो शब्द या लेखात आला असणारच, म्हणून न विचारताच सांगतो. आमच्याकडची मुले ‘बेस बनवून राहिलो’, ‘पूल बनवून राहिलो’ असे बोलतात. त्यातले ‘राहिलो’ आमचे आहे. पुण्याकडच्या मंडळींना ते कितीही खटकत असले तरी मला खटकत नाही. खटकते ते ‘बनवणे’. हिंदीतल्या ‘बनाना’ने मराठीची अर्धा डझन धडधाकट क्रियापदे गिळून टाकली आहेत. मराठी माणूस घर बांधतो, भाकरी करतो, मडके घडवतो, चित्र काढतो, कविता रचतो, आणि बनवतो तो फक्त समोरच्याला.

या खेळांत तर ही क्रियापदे वेगवेगळी ठेवण्याची गरज अधिकच आहे, कारण त्यांचे नियमच एकमेकांपासून वेगळे आहेत. ‘माइनक्राफ्ट’मध्ये एका ओंडक्याच्या चार फळ्या होतात आणि चार फळ्यांचे ‘क्राफ्टिंग टेबल’ होते, ज्यावर तीन गुणिले तीन चौकटींत वस्तू मांडून नवी वस्तू मिळवायची असते; हे सगळे ‘घडवणे’ आहे. पण तयार ठोकळे एकावर एक ठेवून भिंत उभी करणे हे बांधणे आहे की रचणे? गवंड्याला विचारा. विटा नुसत्या एकावर एक ठेवल्या तर त्या रचल्या. चुना किंवा सिमेंट घालून एकमेकींना धरून ठेवल्या, ओळंबा लावून पाहिल्या, तर भिंत बांधली. ‘बांधणे’ हे मूळचे ‘बन्ध्’ आहे, आणि सेतुबंधापासून शेताच्या बांधापर्यंत या धातूने धरून ठेवण्याचा अर्थ सोडलेला नाही. कुडाची भिंत आणि वर कवेलू असे घर दोरीच्या गाठीशिवाय उभेच राहत नसे, म्हणून घर बांधतात, असे मी मानतो.

या कसोटीवर ‘माइनक्राफ्ट’मध्ये बांधणे जवळजवळ नाहीच. तिथे झाडाचा बुंधा तळाशी तोडला तरी वरचे झाड हवेत निवांत लटकत राहते. वाळू, खडी असे मोजके ठोकळे सोडले तर कशालाही वजन नाही, म्हणून आधारही लागत नाही. तिथे माणूस रचतो. उलट ‘सेव्हन डेज टू डाय’ या खेळात प्रत्येक ठोकळ्याला वजन आहे आणि तो किती भार पेलेल याला मर्यादा आहे. छत आधाराविना फार पुढे काढले किंवा खालचा खांब फोडला, की वरचा भाग कोसळतो. तिथे खरोखर बांधावे लागते. आणि ‘व्हिंटेज स्टोरी’त छिन्नी हाती घेतली की एका ठोकळ्याच्या प्रत्येक बाजूचे सोळा भाग होतात, म्हणजे एकाच ठोकळ्यात ४०९६ कण, ते काम ‘कोरणे’ या एकाच शब्दाने सांगता येईल. मुलाने ही क्रियापदे नीट वापरली, तर बांधणीचे निम्मे नियम त्यांतूनच सांगून होतील.

आता ‘क्लास’कडे वळू. ‘पात्रवर्ग’ हा शब्द मराठीत आधीच दुसऱ्या कामावर आहे. प्रेक्षकवर्ग म्हणजे सगळे प्रेक्षक, वाचकवर्ग म्हणजे सगळे वाचक, तसा पात्रवर्ग म्हणजे नाटकातली सगळी पात्रे. त्यातून एक प्रकार निवडायचा आहे हे कोणाच्या ध्यानातही येणार नाही. ‘कॅरेक्टर’चा अर्थ अक्षर असा धरून कोणी ‘वर्ण’ केला आणि ‘क्लास’चा ‘वर्ग’, तर ‘आपला वर्ण आणि वर्ग निवडा’ ही सूचना वाचून पालक त्या खेळाची तक्रार करायला निघतील. ‘जात’ हा शब्दही नको, कारण जात निवडता येत नाही आणि बदलताही येत नाही, आणि इथे तर निवड हाच सगळा मुद्दा आहे.

शब्द आहे ‘भूमिका’. तो इतका चपखल आहे की या खेळांसाठीच जन्मला असावा असे वाटते. संस्कृत कोश उघडून पाहा. मोनियर-विल्यम्सच्या कोशात ‘भूमिका’ या एका नोंदीत जमीन आहे, नटाने वठवायचे पात्र आहे, प्रस्तावना आहे, पायरी किंवा टप्पा आहे, आणि घराचा मजलाही आहे. मजला! आजचा ‘मजला’ हा अरबी ‘मंजिल’चा नातलग, आपल्या ‘मजल दरमजल’चा भाऊ, तो येण्यापूर्वी मजल्याला आपण भूमी किंवा भूमिका म्हणत होतो. सात मजली वाडा म्हणजे सप्तभूमिक प्रासाद. मंदिरस्थापत्यात तर ही भूमी आजही जिवंत आहे: ज्या शिखरावर लहान लहान शिखरांचे थर मजल्यांसारखे चढत जातात त्या शैलीचे नाव ‘भूमिज’, आणि शके ९८२ मध्ये, म्हणजे १०६० साली, उभे राहिलेले अंबरनाथचे शिवमंदिर किंवा सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर पाहिले की तो शब्द डोळ्यांनीच समजतो. पायरीचा अर्थ हवा असेल तर योगवासिष्ठातल्या ज्ञानाच्या सात भूमिका आहेत, ज्यांना ही मुले ‘लेव्हल’ म्हणतील. म्हणजे खेळाडू कोण आहे, तो किती वर चढला आहे आणि त्याने किती मजले बांधले आहेत, हे तिन्ही सांगायला एकच शब्द पुरतो. इंग्रजीने हे करून दाखवावे.

नटाच्या अर्थाने हा शब्द किती जुना आहे याची साक्ष कालिदास देतो, आणि संस्कृत पंडित वा. वि. मिराशींनी ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेकच हे ठासून मांडल्यापासून कालिदासाला शेजारी समजण्याचा अधिकार नागपूरकरांना आहे. ‘विक्रमोर्वशीया’त स्वर्गातल्या नाटकात उर्वशी लक्ष्मीची आणि मेनका वारुणीची भूमिका करीत असते, आणि तिथे शब्द ‘भूमिका’ हाच आहे. तुझे मन कोणावर जडले, या प्रश्नाला ‘पुरुषोत्तम’ म्हणायचे असताना उर्वशीच्या तोंडून ‘पुरूरवा’ हे आपल्या प्रियकर राजाचे नाव निघते, भरतमुनी संतापून तिला स्वर्गातून बाहेर काढतात, आणि इंद्राच्या दयेने ती पुरूरव्याकडे पृथ्वीवर येते. भूमिकेत चुकली ती थेट भूमीवर आली.

पण जमिनीचा शब्द नटाकडे गेलाच कसा? माझे मत असे की रंगमंचाची परिभाषा घर बांधणाऱ्यांकडून आलेली आहे. ‘सूत्रधार’ घ्या. नाटकातला सूत्रधार सर्वांना ठाऊक आहे; पण तोच शब्द प्राकृतात ‘सुत्तहार’ झाला आणि मराठीत ‘सुतार’ झाला. मापाची दोरी जो धरतो तो सूत्रधार. रिचर्ड पिशेल या जर्मन पंडितांनी नाटकातल्या सूत्रधाराची दोरी कळसूत्री बाहुल्यांची ठरवली, आणि पुण्यातले माझे एक विद्वान स्नेही आजही तीच बाहुली नाचवत आहेत. त्यांना माझा साधा प्रश्न आहे: सुताराच्या हातात कोणती बाहुली होती? नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय नटांविषयी नाही, प्रेक्षागृहाच्या बांधणीविषयी आहे. त्यात जमीन पारखायची, दोरीने मोजायची, आणि मोजताना दोरी तुटली तर कोणते अरिष्ट येईल हेही सांगितले आहे. दोरी डोळ्यांसमोर ताणलेली असताना बाहुल्यांच्या पेटीत ती शोधायला जाण्याचे कारण मला कळत नाही. (मध्यम आकाराचे प्रेक्षागृह चौसष्ट हात लांब असावे असे तिथे म्हटले आहे, आणि ‘माइनक्राफ्ट’मध्ये एका कप्प्यात मावणारी बहुतेक ठोकळ्यांची चवड चौसष्टाचीच असते. हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो आवडतो.)

याच स्नेह्यांचे दुसरे म्हणणे असे की ‘भूमिका’ हे ‘रंगभूमी’चेच धाकटे रूप आहे, त्यामुळे पुढे शोधण्यासारखे काही नाही. शोधण्यासारखे पुष्कळ आहे. संस्कृतात ‘भूमी’ म्हणजे एखादी गोष्ट जिथे ठेवता येते ते स्थान. ज्याच्यावर विश्वास ठेवावा तो माणूस विश्वासभूमी, आणि त्यालाच आपण विश्वासपात्र म्हणतो. पात्र म्हणजे भांडे, भूमी म्हणजे जागा. दोन्ही धारण करणारी, आणि दोन्ही शब्द नाटकात नटाकडेच गेले. हा योगायोग म्हणून सोडून देण्याइतका मी उदार नाही. शिवाय खेळात या अर्थाचा पुरावा रोज मिळतो, कारण छत्तीस कप्प्यांत माती, दगड, कोळसा आणि पाव भरून हिंडणारा ‘माइनक्राफ्ट’मधला खेळाडू हा अक्षरशः पात्र असतो.

मात्र भूमिका कशी मिळते हे खेळागणिक बदलते, आणि मुलाने ते लेखात वेगळे करून सांगितले पाहिजे. ‘व्हिंटेज स्टोरी’त ती सुरुवातीलाच निवडायची असते. सहा भूमिकांत सामान्य माणूस आहे, ज्याला काही अधिक नाही आणि काही उणेही नाही, शिकारी आहे, जो दुरून नेम धरण्यात तरबेज पण खाणकामात मंद आहे, शिंपी आहे, ज्याला इतरांना न येणारी वस्त्रे करता येतात, घड्याळजीही आहे. ‘टेरारिया’त सुरुवातीला काहीच निवडायचे नसते. अंगावर कोणते चिलखत आणि हातात कोणते शस्त्र यावरून खेळाडू तलवारबाज, तिरंदाज, जादूगार किंवा मदतनीस प्राणी बोलावणारा ठरतो, आणि कपडे बदलले की भूमिका बदलते, जसे पडद्यामागे नटाचे होते. ‘माइनक्राफ्ट’मध्ये तर खेळाडूला भूमिका नाहीच, कोणीही काहीही करावे.

भूमिका आहेत त्या तिथल्या गावकऱ्यांना, आणि त्या कशा मिळतात हे कळल्यापासून मी त्या खेळाविषयी आदराने बोलू लागलो आहे. एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या १.१४ या आवृत्तीपासून बेकार गावकऱ्याजवळ कामाचा ठोकळा ठेवला की तो गावकरी ते काम स्वीकारतो. ग्रंथ ठेवण्याची घोडी मांडली की ग्रंथपाल, दगड कापण्याचे यंत्र ठेवले की पाथरवट, पालापाचोळ्याच्या खताचा पिंप ठेवला की शेतकरी. अजून त्याच्याशी व्यवहार झाला नसेल आणि तो ठोकळा फोडला, तर गावकरी पुन्हा बेकार होतो. एकदा देवघेव झाली की भूमिका कायम होते. म्हणजे जमिनीवर काय ठेवले आहे यावरून माणसाची भूमिका ठरते. स्वीडनमधल्या ज्या मंडळींनी हा नियम लिहिला त्यांनी संस्कृत कोश चाळला असेल असे मी म्हणत नाही, पण पुण्याच्या स्नेह्यांनी निदान हा खेळ चाळावा.

ठोकळा की वीट, हे राहिलेच. ठोकळा म्हणा. वीट म्हणजे भाजलेली माती, संस्कृत ‘इष्टका’, प्राकृत ‘इट्टगा’, आणि मराठीत आरंभी ‘व’ चिकटून ‘वीट’. हिंदीत तीच ‘ईंट’ राहिली. आमच्या भागात कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांतल्या राखेच्या विटा निघाल्यापासून मातीची अट सैल झाली असली, तरी गवताचा, पाण्याचा किंवा काचेचा ठोकळा कोणत्याही अर्थाने वीट होत नाही. शिवाय खेळात खरी वीट स्वतंत्र आहे: चिकणमातीचा ठोकळा फोडला की मातीचे चार गोळे मिळतात, ते भट्टीत भाजले की चार विटा, आणि चार विटा एकत्र मांडल्या की विटांचा एक ठोकळा होतो. मुलाने ‘ब्लॉक’ला वीट म्हटले, तर हे वाक्य त्याला लिहिताच येणार नाही. ‘क्राफ्टिंग टेबल’ मात्र त्याने तसेच ठेवावे. टेबल आपल्या घरात फार पूर्वीच आलेले आहे, आणि ‘घडणमेज’ असे काही त्याला सुचवायला कोणी पुढे आलेच, तर ते फारसी ‘मेज’ आहे एवढे ऐकवून त्यांना परत पाठवावे.