थीम बदल, पण आधी एवढं बघ

भावा, ब्लॉगच्या थीम, म्हणजे पानाच्या दिसण्याचे तयार साचे, हव्या तेवढ्या बदलून बघ, त्याशिवाय आपल्याला काय आवडतं ते कळत नाही, फक्त आधी बॅकअप घे. ब्लॉगरवर थीममध्ये कस्टमाइजच्या बाजूच्या बाणात बॅकअप मिळतो, एक्सएमएल फाइल डाउनलोड होते, ती जपून ठेव. वर्डप्रेसला लाइव्ह प्रिव्ह्यू आहे, त्यात बघितल्याशिवाय अ‍ॅक्टिव्हेट दाबू नकोस.

आता खरं महत्त्वाचं. थीमच्या डेमोत, म्हणजे नमुना पानात, बहुतेक सगळं इंग्रजी असतं, ते देखणं दिसतं, त्याला भुलू नको. प्रिव्ह्यूमध्ये तुझीच सगळ्यात लांब मराठी पोस्ट उघडून बघ. बऱ्याच थीममध्ये हेडिंगला लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जास्तीचं अंतर, दिलेलं असतं, इंग्रजीला ते शोभतं पण आपली शिरोरेघ त्यानं तुटते, 'सज्जनगड'चं प्रत्येक अक्षर सुटं सुटं उभं राहतं आणि वाचताना डोळ्याला खटकत राहतं, सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणारा कोड) ते शून्य करून टाक. ओळीची उंची (लाइन-हाइट) अक्षराच्या आकाराच्या १.७ पटीच्या आसपास ठेव, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफार-वेलांटीला घासतात. फॉन्ट मुक्ता नाहीतर नोटो सॅन्स देवनागरी घे, दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. रंगांवर जास्त वेळ घालवू नको, काळसर अक्षरं, पांढरट बॅकग्राउंड, बास.

आणि तू कासच्या फुलांचे फोटो टाकणार म्हणतोस ना, मग स्लायडरवाल्या (सरकत्या फोटोंच्या) जड थीम सोडूनच दे. सातारा स्टँडवर एसटीची वाट बघत मोबाइलवर वाचणारा माणूस पान उघडेपर्यंत थांबत नाही.