रोज बीट खाल्ल्याने कोणते फायदे होतात, आणि त्याने खरेच रक्त वाढते का?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: रोज बीट खाण्याचे फायदे कोणते, ते कच्चे खावे की रस काढून प्यावा, आणि घरातील मंडळी म्हणतात त्याप्रमाणे त्याने हिमोग्लोबिन वाढते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण सोलापुरातील एका खासगी प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचे काम करताना हाच प्रश्न मला वर्षानुवर्षे ऐकावा लागला आणि आमच्या नात्यांमध्येही त्यावरून कटुता आली. बिटाने रक्त वाढत नाही. लोहाच्या कमतरतेमुळे झालेला रक्तक्षय बीट खाऊन बरा होत नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे.

१०० ग्रॅम बिटात लोह जेमतेम ०.८ मिलिग्रॅम असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली आहे. ही गरज केवळ बिटातून भागवायची म्हटली तर रोज साडेतीन किलोंहून अधिक बीट खावे लागेल. आपल्या भागात जिची भाकरी होते त्या ज्वारीत १०० ग्रॅममागे चार मिलिग्रॅमच्या आसपास, बाजरीत सहाहून अधिक आणि हुलग्यात आठहून अधिक मिलिग्रॅम लोह असते. धान्यातील लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते हे खरे, पण बिटातील लोहही वनस्पतीतीलच असल्यामुळे त्याला वेगळी सवलत मिळत नाही. राहिला रंग. रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनमधील लोहयुक्त घटकामुळे येतो, तर बिटाचा रंग बेटानिन नावाच्या रंगद्रव्यामुळे येतो आणि त्यात लोहाचा अंशही नसतो. दोन्ही लाल आहेत, एवढ्यावरच हा सगळा समज उभा आहे.

माझ्या धाकट्या बहिणीला दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा सुरुवातीच्या तपासणीत तिचे हिमोग्लोबिन ९.४ आले. गरोदरपणात ते ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय मानतात. सरकारी योजनेतून गरोदर स्त्रियांना मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या तिला मिळाल्या होत्या. प्रत्येक गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि त्यासोबत फॉलिक ॲसिड असते. त्या घेतल्यावर तिला मळमळ होऊ लागली आणि शौचास काळी होऊ लागली. तिच्या थोरल्या जाऊबाईंनी निर्णय दिला की गोळ्या उष्ण पडतात, त्यांनी बाळ काळे होते, त्यापेक्षा बिटाचा रस द्यावा. सोलापुरातील गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते, लक्ष्मी मार्केटात ताजे बीट येत होते. जाऊबाई पहाटे उठून बीट किसायच्या, फडक्यातून पिळून काढायच्या आणि भरला पेला स्वतः तिच्या हातात द्यायच्या. त्यांच्या मायेबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. परंतु गोळ्यांचे पाकीट कपाटात पडून राहिले, आणि सहाव्या महिन्यात तिचे रक्त मीच तपासले तेव्हा आकडा ८.२ वर आला होता.

मी तो अहवाल घेऊन त्यांच्या घरी गेले. जाऊबाईंचे म्हणणे असे पडले की रस कमी पडला असेल, आता दोन वेळा देऊ. मी स्पष्ट शब्दांत सांगितले की रस बंद करू नका, पण उद्याच्या उद्या तिला डॉक्टरांकडे न्या. डॉक्टरांनी सलाइनमधून लोहाची इंजेक्शने दिली, जंताचे औषध दिले आणि मळमळ टाळण्यासाठी गोळी रात्री जेवणानंतर घेण्यास सांगितले. नवव्या महिन्यात हिमोग्लोबिन १०.८ झाले आणि बाळंतपण सुखरूप पार पडले. बारशाच्या दिवशी मात्र जाऊबाई आलेल्या प्रत्येक बाईला सांगत होत्या की बिटाच्या रसाने पोरीच्या अंगात रक्त भरले. मी तेथेच विचारले की बीट तर पहिल्या सहा महिन्यांतही होते, तेव्हा आकडा खाली का गेला? दोन्ही काळांत बीट सारखेच होते. बदलले ते उपचार: लोह आणि जंताचे औषध. या प्रश्नाचे उत्तर मला अद्याप मिळालेले नाही, आणि आजही कोणत्याही कार्यात भेट झाली की तो विषय निघतोच.

प्रयोगशाळेत आणखी एक प्रकार नेहमी घडत असे. कोणीतरी घाबरून लालसर लघवीचा नमुना घेऊन येई. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर त्यात एकही तांबडी पेशी नसे, आणि विचारल्यावर आदल्या दिवशी बीट खाल्ल्याचे कळे. हा रंग निरुपद्रवी असतो. मात्र लोहाची कमतरता असलेल्यांमध्ये तो अधिक वेळा दिसतो, म्हणून अशा वेळी हिमोग्लोबिन तपासून घेण्याचा सल्ला मी देत असे. बीट न खाता लघवी लाल झाली तर मात्र थांबू नये.

आता बिटाचे खरे श्रेय त्याला देते, कारण ते मोठे आहे आणि या रक्ताच्या गोष्टीखाली झाकले गेले आहे. बिटात नायट्रेट भरपूर असते. जिभेवरील जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि पुढे शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होते, ज्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. नायट्रिक ऑक्साइडचे हे कार्य उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उच्च रक्तदाबाच्या ६४ रुग्णांपैकी निम्म्यांना चार आठवडे रोज २५० मिलिलिटर बिटाचा रस दिला आणि उरलेल्यांना नायट्रेट काढून टाकलेला तसाच रस दिला. पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी सुमारे आठने उतरला, दुसऱ्या गटाचा उतरला नाही, आणि रस बंद केल्यावर दोन आठवड्यांत पहिल्या गटाचा रक्तदाबही पूर्ववत झाला. दोन्ही पेल्यांतील रस लालच होता, हे जाऊबाईंनी ध्यानात घ्यावे असे मला मनापासून वाटते. जंतुनाशक द्रवाने रोज चूळ भरणाऱ्यांच्या जिभेवरील जिवाणू मरतात आणि हा लाभ कमी होतो.

यांशिवाय बिटात १०० ग्रॅममागे शंभरहून अधिक मायक्रोग्रॅम फोलेट (फॉलिक ॲसिडचे नैसर्गिक रूप) असते, जे गरोदर स्त्रीसाठी उपयुक्त आहे, आणि पोटॅशियम व तंतुमय पदार्थही मिळतात. कच्चे की रस, याबाबत माझे मत कोशिंबिरीच्या बाजूने आहे: किसलेले बीट, दही, शेंगदाण्याचा कूट आणि सोबत भाकरी. रस गाळला की चोथा जातो आणि साखर राहते. शिजवायचे असल्यास सालीसकट अख्खे वाफवावे, कारण नायट्रेट आणि फोलेट दोन्ही पाण्यात उतरतात. पाला फेकू नये. त्याची भाजी करावी, त्यात कंदापेक्षा कितीतरी अधिक लोह असते.

ज्यांना मूतखड्याचा त्रास झाला आहे त्यांनी मात्र बीट आणि विशेषतः त्याचा पाला जपून खावा, कारण दोन्हींत ऑक्झलेट पुष्कळ असते. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियम वाढण्याचा धोका असतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर रोज रस सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे, आणि मधुमेहींनी रसापेक्षा कोशिंबीर निवडावी.

आपल्या घरात कोणाचे हिमोग्लोबिन कमी असेल तर प्रथम त्याचे कारण शोधा: पाळीत जास्त रक्तस्राव, जंत, बी-१२ ची कमतरता. लोहाची गोळी लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घ्या. चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दूर ठेवा. विड्या वळता वळता दिवसभर चहावर राहणाऱ्या अनेक भगिनींचे अहवाल मी पाहिले आहेत, आणि जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातील लोह शोषू देत नाही हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगत असे. काळी शौचास होणे हा गोळीचा अपेक्षित परिणाम आहे, आणि बाळाच्या वर्णाशी तिचा काहीही संबंध नाही. हिमोग्लोबिन सामान्य झाल्यावरही शरीरातील साठा भरून येण्यासाठी साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. माझ्या बहिणीने बाळंतपणानंतर त्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पूर्ण केल्या.