राहून गेलेली पुस्तकं: सुरुवात कुठून करायची?

सुट्टीच्या तोंडावर मुलांच्या पुस्तकांबद्दलची पत्रं वाढतात. या वेळची बरीचशी पत्रं मात्र मोठ्यांनी स्वतःसाठीच लिहिलेली आहेत. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत.

प्रश्न : माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं. घरात मराठीच बोलतो, पण 'श्यामची आई', 'गोट्या', 'फास्टर फेणे' यांतलं काहीच वाचलेलं नाही. मुलगी दहा वर्षांची आहे. तिच्याबरोबर मीही ही पुस्तकं वाचून काढावीत म्हणते. याद्या पुष्कळ मिळतात, पण क्रम कुणी सांगत नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : क्रम पुस्तकाच्या नावलौकिकावर लावू नका आणि प्रकाशनाच्या सालावरही नको. भाषेवर लावा. बहुतेक घरांत सुरुवात 'श्यामची आई'पासून होते, कारण तेच नाव आधी आठवतं. देवनागरी सावकाश वाचणाऱ्या मुलीच्या हाती ते एकदम दिलं, तर तिसऱ्या-चौथ्या प्रकरणापाशी गाडी अडते आणि मराठी पुस्तकं म्हणजे कंटाळवाणी असं तिचं मत होऊन बसतं. त्यात दोष ना पुस्तकाचा, ना मुलीचा.

आधी एक चाचणी घ्या. पुस्तकाच्या मधलं कुठलंही पान तिला मोठ्याने वाचायला सांगा आणि शब्द अडला की एक बोट मिटा. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली, तर ते पुस्तक सध्या तिला एकटीने वाचायला जड आहे. पण अडण्याचे प्रकार दोन. अडलेला शब्द तुम्ही वाचून दाखवल्यावर 'हां, हां' म्हणाली, तर शब्द कानाला ओळखीचा आहे, डोळ्यांना नाही. अडचण जोडाक्षरांची आहे. मग पुस्तक बदलू नका, एक पान तुम्ही आणि एक पान तिने असं आळीपाळीने वाचा. वाचून दाखवल्यावरही अर्थ लागला नाही, तर मात्र ते पुस्तक पाच-सहा महिने कपाटात राहू द्या.

सुरुवात कवितांपासून केली तर सोपं जातं. विंदा करंदीकरांच्या 'राणीची बाग', 'एटू लोकांचा देश', 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' यांपैकी एखादं घ्या. यमकामुळे पुढचा शब्द काय असणार याचा अंदाज येतो, ओळी आखूड असतात आणि एक कविता पाच मिनिटांत संपते. त्यानंतर दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे'. या गोष्टी मुळात आकाशवाणीसाठी लिहिल्या गेल्या, त्यामुळे संवाद भरपूर आणि वाक्यं बोलण्यातली. तिसऱ्या टप्प्यावर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. त्यानंतर ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या', किंवा नायिका मुलगी हवी असेल तर त्यांचीच 'चिंगी'. इथे वाडा, शिकवणी, पंगत, सोवळं असं जुनं जग सुरू होतं. भाषा सोपी असली तरी संदर्भ सांगावे लागतात. 'श्यामची आई' त्याच्याही नंतर, आणि ते तुम्ही वाचून दाखवायचं.

रोज 15 मिनिटं पुरतात. रविवारी दोन तास आणि आठवडाभर सुट्टी, असं केलं की गोष्टीचा धागा तुटतो आणि दर वेळी मागची पानं उलटावी लागतात.

तुमचं स्वतःचं वाचन मात्र तिच्या वेगाला बांधू नका. तुम्ही एक पुस्तक पुढे असा, म्हणजे कुठे थांबून समजावायचं हे आधी कळेल. शिवाय माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेली 'वाचू आनंदे' ही मालिका जरूर घ्या. बालगट आणि कुमारगट अशा दोन गटांत, प्रत्येकी दोन भाग आहेत. मराठीतल्या चांगल्या लेखनातले निवडक उतारे विषयवार लावलेले आहेत. त्यातला कुठला उतारा आवडला यावरून त्या लेखकाचं पूर्ण पुस्तक शोधणं, हा उशिरा सुरुवात करणाऱ्या मोठ्या माणसासाठी सगळ्यात सरळ रस्ता.

प्रश्न : 'श्यामची आई'च्या चार प्रती दुकानात दिसल्या, चारही वेगवेगळ्या प्रकाशकांच्या. किमतीत दुपटीचा फरक. कुठली घ्यावी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : साने गुरुजींचं निधन 1950 साली झालं. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षं स्वामित्वहक्क चालतो, म्हणजे 2011 पासून हे पुस्तक कुणालाही छापता येतं. म्हणून इतक्या आवृत्त्या. यांत संक्षिप्त आवृत्त्याही असतात आणि तसं मुखपृष्ठावर ठळक लिहिलेलं असेलच असं नाही.

तपासायला एक मिनिट लागतं. अनुक्रमणिका उघडा. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो, म्हणून प्रकरणांना 'रात्र' म्हटलं आहे. मूळ पुस्तकात 'प्रारंभ' आणि त्यापुढे अशा 42 रात्री आहेत: पहिली 'सावित्री-व्रत', शेवटची 'आईचे स्मृतिश्राद्ध'. आकडा कमी भरला, तर ती कापलेली आवृत्ती. मग मधलं 'थोर अश्रू' काढा. आंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो, आई आपल्या लुगड्याचं ओचं धोंडीवर पसरते आणि पायांना जपतोस तसंच मनालाही जप म्हणते, तो प्रसंग. हे प्रकरण दीड पानात उरकलं असेल आणि मित्रांचं आश्रमातलं बोलणं गायब असेल, तर प्रत परत ठेवा. टाईपही बघा. स्वस्त प्रतींत पानं वाचवायला अक्षर बारीक करतात आणि कागद इतका पातळ की मागची ओळ पुढे दिसते. मुलाला वाचायचं असेल, तर तिथे पैसे वाचवू नयेत.

आणखी एक. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक एका गरीब कोकणी घराचं आहे. कर्ज, जप्ती, शिवाशिव, आईचं आजारपण असं सगळं त्यात आहे. रोज एकच रात्र वाचा. एका बैठकीत चार-पाच वाचली की मूल रडतं तरी किंवा कोडगं तरी होतं.

प्रश्न : फास्टर फेणेची वीस पुस्तकं आहेत म्हणे. क्रमानेच वाचावी लागतात का? (एक विद्यार्थी, इयत्ता सातवी, जळगाव)

उत्तर : नाही. प्रत्येक गोष्ट स्वतंत्र आहे. फक्त 'फुरसुंगीचा फास्टर फेणे' आधी वाच, म्हणजे बनेश फेणे कोण, पुण्यात विद्याभवनात कसा आला, सायकल आणि 'ट्टॉक्' ही काय भानगड आहे ते समजेल. मग हाताला लागेल ते घे. 'जवानमर्द फास्टर फेणे' वाचण्याआधी 1962 च्या चीन युद्धाबद्दल घरी कुणाला तरी विचार, गोष्ट दुप्पट रंगते. संच एकदम विकत घेण्यापेक्षा आधी ग्रंथालयातून दोन आणून बघ. आणि भागवत आवडले, तर त्यांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आहेत, तिकडे वळ.

प्रश्न : गावच्या घरात माळ्यावर आजोबांच्या वेळची मुलांची पुस्तकं आणि मासिकं सापडली. शुद्धलेखन विचित्र आहे, जागोजागी अनुस्वार. नातवंडांना द्यावीत का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : ते अनुस्वार चूक नाहीत. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी ते काढले. त्याआधी 'नांव', 'कांहीं', 'घरांत' असंच लिहीत. उच्चारात ते येत नाहीत, नजरेआड करून वाचायचं एवढंच मुलांना सांगा. मात्र तिसरी-चौथीतल्या, अजून शुद्धलेखन पक्कं होत असलेल्या मुलाला ही प्रत हाती देऊ नका. त्याला वाचून दाखवा. सहावी-सातवीनंतर काही बिघडत नाही, उलट मजा येते.

मुलं अडतात ती पैशांत. एक रुपयाचे 16 आणे, एका आण्याचे 4 पैसे किंवा 12 पै, हे पहिल्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवा. नाहीतर दोन आणे हरवल्याबद्दल पोराला मार का बसतो ते कळतच नाही.

पुस्तकं हाताळताना: आधी उन्हात नाही, सावलीत वाऱ्यावर ठेवा. मऊ ब्रशने कण्याकडून कडेकडे धूळ झाडा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो आणि अक्षरं खातो. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या पिठाची पातळ खळ वापरा. दुमडताच तुकडा पडेल इतका कागद ठिसूळ झाला असेल, तर पानांचे फोटो काढा आणि मुलांना ते दाखवा.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा. इंग्रजीत जाडजाड मालिका वाचतो, मराठी बालसाहित्य त्याला 'लहान मुलांचं' वाटतं. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : त्याचं खरं आहे. तेराव्या वर्षी त्याला बोक्या द्यायला गेलात तर तो तुमच्याकडे दयेने बघेल. या वयासाठी लिहिलेली मराठी पुस्तकं कमी आहेत, म्हणून मोठ्यांच्या फडताळातून निवडावी लागतात.

विज्ञानकथा आवडत असतील, तर जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' (1979) हा कथासंग्रह. एका बैठकीत एक कथा. खऱ्या माणसांबद्दल वाचत असेल, तर वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर'. गुलामीत जन्मलेल्या कृषिशास्त्रज्ञाचं हे चरित्र 1981 पासून सतत वाचलं जातंय, ते उगाच नाही. प्राण्यांची ओढ असेल, तर व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर'. वानरांच्या टोळ्यांमधला सत्तेचा झगडा, छोटं पुस्तक, एकही शब्द जास्तीचा नाही. त्यात पिल्लं मारली जातात, हे आधी सांगून ठेवा.

प्रकाश नारायण संतांचा लंपन चौदाव्या वर्षाच्या आसपास. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' हा क्रम मात्र इथे पाळायचा, कारण लंपन वाढत जातो. नायक शाळकरी मुलगा आहे म्हणून अनेक पालक ही पुस्तकं नवव्या-दहाव्या वर्षी देतात आणि ती वाया जातात. सीमाभागातल्या बोलीची लय कानात बसायला वीस-पंचवीस पानं लागतात. तेवढी तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. मिलिंद बोकीलांची 'शाळा' नववी-दहावीत. आणीबाणीच्या काळातली ही नववीतल्या मुलांची गोष्ट आहे, आणि त्यांची आपसातली भाषा नववीतल्या मुलांचीच आहे. घरात कुणी वाचली नसेल, तर आधी तुम्ही वाचा.

प्रश्न : आम्ही जर्मनीत राहतो. भारतातून पुस्तकं मागवणं महाग पडतं. व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरतात, त्या घ्याव्यात का? (एक वाचक, म्युनिक)

उत्तर : फिरणाऱ्या बहुतेक पीडीएफ बेकायदेशीर असतात, आणि स्कॅन इतके वाकडे की मूल दोन पानांत सोडून देतं. वर सांगितलेला 60 वर्षांचा हिशेब लावून बघा. साने गुरुजी मोकळे आहेत; 'श्यामची आई' मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात वाचता येते, अक्षर हवं तेवढं मोठं करून. ताम्हनकर 1961 साली गेले, म्हणजे भारतात 2022 पासून मोकळे. भा. रा. भागवत 2001 साली गेले, तेव्हा हक्कधारकांच्या परवानगीशिवाय फिरणारी फास्टर फेणेची फुकट प्रत 2061 संपेपर्यंत कायदेशीर असू शकत नाही. अनेक देशांत ही मुदत 70 वर्षांची आहे, तेवढं ध्यानात असू द्या.

फुकट आणि कायदेशीर असा खजिना म्हणजे 'किशोर'. बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतं आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. दिवाळी अंकांपासून सुरुवात करा. पडद्यावर वाचायला मुलं कंटाळतात, म्हणून अंकातली एकच गोष्ट निवडून चार-सहा पानं छापून द्या. ऐकण्यासाठी मराठी श्राव्य पुस्तकं ॲपवर मिळतात. मात्र नुसतं ऐकून देवनागरी सुधारत नाही, छापील पान समोर ठेवून ऐकवा. विकतची पुस्तकं भारतातून येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेतून आणवायची असतील, तर पातळ पुस्तकं सांगा. एका जाड कादंबरीच्या वजनात फास्टर फेणेची तीन-चार मावतात.

प्रश्न : सगळे जुनंच सांगतात. नवं काय? (एक ग्रंथपाल, लातूर)

उत्तर : साहित्य अकादमी 2010 पासून बालसाहित्य पुरस्कार देते. ती यादी खरेदीसाठी चांगला आधार आहे. ल. म. कडू यांचं 'खारीच्या वाटा', सलीम मुल्ला यांचं 'जंगल खजिन्याचा शोध', संगीता बर्वे यांचं 'पियूची वही', भारत सासणे यांचं 'समशेर आणि भूतबंगला' ही त्यातली. एकेकच प्रत घ्या, बालविभागाच्या दर्शनी टेबलावर मुखपृष्ठ वर करून ठेवा आणि महिन्याने देवघेवीच्या नोंदी बघा. ज्याची मागणी लागेल त्याच्याच आणखी दोन प्रती मागवा. आणि 'गोट्या'च्या तिन्ही भागांना कापडी बांधणी करून घ्या, साधी बांधणी वाचनालयात वर्षभरही टिकत नाही.