लोकसंग्रह : गीतेतला आणि श्रद्धांजलीतला

प्रश्न असा आहे : 'श्रद्धांजलीच्या लेखांत "त्यांचा लोकसंग्रह दांडगा होता" हे वाक्य हमखास असतं. गीतेतला लोकसंग्रह तो हाच का? आमच्या कंपनीच्या प्रशिक्षणवर्गात लीडरशिपला मराठी शब्द म्हणून "लोकसंग्रह" घ्यायचं घाटतंय. चालेल का?'

पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर : नाही. शब्द एकच, पण अर्थ दोन आणि दोन्ही आजच्या मराठीत जिवंत आहेत. दुसऱ्याचं उत्तर जरा लांबतं, कारण वर्गात त्याचा नेमका कोणता अर्थ शिकवणार यावर ते अवलंबून आहे.

समास दोन्हीकडे सारखाच, लोकांचा संग्रह, षष्ठी तत्पुरुष. फरक आहे तो 'संग्रह' मध्ये. सम् + ग्रह्, म्हणजे एकत्र धरणं. या धरण्याच्या दोन तऱ्हा होतात. नाणी, तिकिटं, पुस्तकं गोळा करून ठेवतो तो एक संग्रह. विस्कटू पाहणारं काही तरी आवरून, बांधून, सांभाळून धरतो तो दुसरा. या दुसऱ्याचा विरुद्धार्थी शब्द 'विग्रह'. समासाचा विग्रह करतो तेव्हा आपण जोडलेले शब्द सुटे करतो, तसंच. श्रद्धांजलीतला लोकसंग्रह पहिल्या तऱ्हेचा, गीतेतला दुसऱ्या तऱ्हेचा.

एखाद्या वाक्यात कोणता अर्थ आहे ते ओळखायला व्याकरणाची एक खूण पुरते. बोलीतल्या लोकसंग्रहाला मालक असतो आणि मापही असतं : 'अण्णांचा लोकसंग्रह', 'मोठा, अफाट, दांडगा लोकसंग्रह'. तो वाढतो, टिकतो, निवडणुकीत कामाला येतो. गीतेतल्या लोकसंग्रहाला यातलं काहीच लागत नाही. 'कृष्णाचा दांडगा लोकसंग्रह' असं म्हणून बघा, लगेच कानाला खटकेल. तिथे शब्द हेतू म्हणून येतो : लोकसंग्रहार्थ, लोकसंग्रहासाठी. पुढे क्रियापद 'कर्म करणे' या जातीचं. 'जमवणे', 'वाढवणे' तिथे बसत नाही.

गीतेत हा शब्द दोनदाच आला आहे, तिसऱ्या अध्यायाच्या 20व्या आणि 25व्या श्लोकांत. 20व्यात जनकाचा दाखला आहे : जनकादिकांना कर्मानेच सिद्धी मिळाली, आणि 'लोकसंग्रहमेवापि संपश्यन्कर्तुमर्हसि', लोकसंग्रहाकडे पाहूनही तू कर्म केलंच पाहिजेस. हे कुणाला सांगितलंय? धनुष्य खाली ठेवून निघू पाहणाऱ्या माणसाला. माणसं जोड असा उपदेश इथे नाहीच. तू निघून गेलास तर तुझ्याकडे पाहून चालणाऱ्यांचं काय, असा प्रश्न आहे. शंकराचार्य भाष्यात अर्थ करतात : 'लोकस्य उन्मार्गप्रवृत्तिनिवारणं लोकसंग्रहः'. लोक आडवाटेला जातात, त्यांना आवरणं. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली छापलेल्या 'गीतारहस्या'त हा शब्द कर्मयोगाच्या अगदी मध्यावर आणून ठेवला. शंकराचार्यांच्या व्याख्येत निवारणावर भर आहे, टिळकांकडे समाजाच्या धारणपोषणाचा अर्थ ठळक होतो. मराठी वाचकाच्या मनात या शब्दाला आज जे वजन आहे, त्यातलं बरंचसं टिळकांचं आहे असं मला वाटतं.

आवरायचं कसं, याचं उत्तर या दोन श्लोकांच्या मधे, 21व्यात आहे : 'यद्यदाचरति श्रेष्ठः'. क्रियापद 'आचरति' आहे, 'वदति' नव्हे. श्रेष्ठ जे करतो ते इतर करतात. तो जे प्रमाण मानतो त्यामागे लोक जातात. बांधकामाच्या साइटवर 'हेल्मेट सक्तीचे' असा फलक असतो. साहेब दुपारी उघड्या डोक्याने एक फेरी मारून गेले, की संध्याकाळपर्यंत निम्मी हेल्मेटं खुंटीला लागतात. फलक तसाच आहे, नियम तसाच आहे, प्रमाण मात्र बदललं.

ज्ञानेश्वरीत हा भाग आला की घाईने पुढे जाऊ नये. ओवी अशी :

मार्गीं अंधासरिसा ।
पुढें देखणाही चाले जैसा ।
अज्ञाना प्रकटावा धर्मु तैसा ।
आचरोनि ॥

'सरिसा' म्हणजे सह, बरोबर. डोळस माणूस पुढे आहे खरा, पण चालतो आंधळ्याच्या चालीने. त्याला वाट दिसते म्हणून तो झपाझप गेला, तर मागच्याच्या हाती फक्त त्याच्या पावलांचा आवाज राहील, आणि तोही विरत जाणारा. नेतृत्वाच्या वर्गांत 'पुढे राहा' एवढंच सांगतात. चाल कुणाची धरायची, हे या एका 'सरिसा'त आहे. थोडं पुढे गेल्यावर :

मार्गाधारें वर्तावें ।
विश्व हें मोहरें लावावें ।
अलौकिक नोहावें ।
लोकांप्रति ॥

आज 'अलौकिक' ही स्तुती आहे. सत्काराच्या मानपत्रात तो शब्द नसेल तर चुकल्यासारखं वाटतं. इथे तो दोष आहे : लोकांत राहून लोकांपेक्षा वेगळं दिसू नये. विश्वाला चांगल्या वाटेला लावायचं आहे, पण आपण कुणी निराळे आहोत हे मिरवायचं नाही.

आता वर्गातल्या धोक्याकडे. या अध्यायाचा सर्वांत जास्त गैरवापर होतो तो असा : वरिष्ठ माणूस हाताखालच्यांना सांगतो, 'फळाची अपेक्षा न ठेवता काम करा'. पगारवाढीची बैठक जवळ आली की हे हटकून ऐकू येतं! तिसऱ्या अध्यायातला भार उलट बाजूला आहे. फळाची ओढ सोडायची ती 'विद्वान' माणसाने, म्हणजे ज्याला कळतं त्याने. 25वा श्लोक म्हणतो, अज्ञ लोक आसक्तीने जितक्या नेटाने काम करतात, तितक्याच नेटाने जाणत्याने आसक्तीशिवाय करावं. आणि 26वा तर बजावतोच, 'न बुद्धिभेदं जनयेत्', अज्ञ लोकांच्या मनात गोंधळ उडवू नये. ज्ञानेश्वर यावर म्हणतात, जे बाळ सायासाने दूध पितं त्याला पक्वान्नं वाढू नयेत, तसंच ज्याची तयारी नाही त्याच्यापुढे नैष्कर्म्याची, म्हणजे कर्माच्या बंधनापलीकडे जाण्याची गोष्ट 'न प्रगटावी खेळतां', थट्टेतसुद्धा काढू नये. म्हणजे साहेबांचं ते भाषण ज्ञानेश्वरांच्या हिशोबात बुद्धिभेदात जमा होतं.

(बुद्धिभेद शब्दाचंही असंच झालंय. आज तो राजकीय आरोप आहे : 'विरोधक जनतेचा बुद्धिभेद करत आहेत'. गीतेत त्यात लबाडी असण्याची गरज नाही. खरी गोष्ट चुकीच्या वेळी सांगितली तरी तो होतो.)

इथे एक रास्त आक्षेप येतो. बुद्धिभेद करायचा नाही म्हटलं की अंधश्रद्धेलाही हात लावायचा नाही का? या श्लोकाच्या आडोशाने असं गप्प बसणारे पुष्कळ आहेत. पण श्लोक अर्धाच वाचला जातो. पुढचं 'जोषयेत्सर्वकर्माणि विद्वान्युक्तः समाचरन्' यात जाणत्याने इतरांकडून कर्मं करवून घ्यावीत असं म्हटलंय, आणि कशी, तर 'समाचरन्', स्वतः नीट करत करत. गाडगेबाबा गावात आले की आधी खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. कीर्तनात नवस, बळी, कर्ज काढून केलेले सण यांवर ते समोरच्यांना प्रश्न विचारत आणि उत्तरं त्यांच्याच तोंडून काढत. लोकांच्या समजुतींना धक्का लागतच होता. पण दिवसभर गाव झाडताना पाहिलेला माणूस रात्री विचारत होता, आणि विचारत होता तेही गावच्याच बोलीत. 'अलौकिक नोहावें' म्हणतात ते हे.

बोलीतला अर्थ मात्र कमअस्सल समजू नका. माणसं जोडणं ही स्वतंत्र विद्या आहे आणि मराठीत तिची परंपरा जुनी आहे. फक्त रामदास तिथे बऱ्याच ठिकाणी 'समुदाव', म्हणजे समुदाय, हा शब्द वापरतात :

समुदाव पाहिजे मोठा ।
तरी तनावा असाव्या बळकटा ।
मठ करुनी ताठा ।
धरूं नये ॥

तनावा म्हणजे तंबू ताणून धरणारे दोर. तंबू जितका मोठा, तितके दोर मजबूत हवेत. श्रद्धांजलीत 'दांडगा लोकसंग्रह' लिहिणाऱ्याने या ओवीतला दुसरा चरण ध्यानात ठेवला तर बरं : फोनमध्ये हजार नंबर असणं म्हणजे नुसतं कापड झालं.

तर प्रशिक्षणवर्गासाठी. लीडरशिपला 'नेतृत्व' हा शब्द आहेच, तो सोडायचं कारण नाही. वर्गात ओळखी वाढवायला शिकवणार असाल तर 'जनसंपर्क' किंवा सरळ 'माणसं जोडणं' म्हणा; गटबांधणी असेल तर 'संघबांधणी'. 'लोकसंग्रह' तेव्हाच घ्या जेव्हा विषय हा असेल की वरच्या माणसाच्या वागण्याने खालचं काम कसं घडतं किंवा बिघडतं. आणि मग तो वर्ग आधी संचालकांचा घ्यावा लागेल. वाक्य 'व्यवस्थापकांनी आपला लोकसंग्रह वाढवावा' असं नको, 'व्यवस्थापकांनी लोकसंग्रहार्थ नियम आधी स्वतः पाळावेत' असं हवं.

विशेषणांपैकी 'लोकसंग्राहक' आणि 'लोकसंग्रही' दोन्ही शुद्ध आहेत. श्रद्धांजलीत 'लोकसंग्रही वृत्ती' हा प्रयोग 'दांडग्या लोकसंग्रहा'पेक्षा मला उजवा वाटतो, त्यात मोजदाद नाही. 'लोकसंग्रहक' असं कुठे छापलेलं दिसलं तर ती चूक समजावी. 'संग्राहक'मधला काना सोडता येत नाही.